दात जर्मनांचे, चणे इंग्रजांचे

१९४१ साली इजिप्तमधल्या तळावरून ब्रिटिशांच्या आठव्या सैन्याकडे पेट्रोल निघायचं ते चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून. एका डब्यात चार गॅलन, म्हणजे साधारण १८ लिटर. आधी रेल्वेच्या वाघिणीत एकावर एक रचायचे, पुढे ट्रकमध्ये चढवायचे, आणि डांबरी रस्ता संपला की खडक, वाळू, पुन्हा खडक. मुक्कामाला पोचून ट्रकचं फळकं खाली पाडलं की डबे दिसायच्या आधी वास यायचा. खालच्या थरातले डबे वरच्यांच्या भाराने चेपलेले असायचे, सांधे उकललेले असायचे आणि ट्रकच्या फळ्यांमधून पेट्रोल ठिबकत असायचं. मध्यपूर्वेतले ब्रिटिश सरसेनापती जनरल ऑकिनलेक हे मुळात हिंदी सैन्यातले अधिकारी. त्यांनी अंदाज बांधला होता की तळावरून निघालेल्या पेट्रोलपैकी ३० टक्के प्रत्यक्ष गाडीच्या टाकीपर्यंत पोचतच नाही.

तीस टक्के! एवढ्या खटाटोपाने आणलेला माल शत्रूने हात न लावताच वाळूत जिरत होता. आडात पाणी भरपूर, पण पोहराच फुटका.

सैनिकांनी त्या डब्याला नाव ठेवलं होतं ‘फ्लिम्झी’. आपल्याकडे तकलादू म्हणतात तेच. पत्रा पातळ, सांध्यांना डाक दिलेला, एकदा वापरून टाकून द्यायचा. इजिप्तमध्येच तो बनत असे आणि स्वस्तात बनत असे, म्हणून तो वापरात होता. हिशेब करणाऱ्याने डब्याची किंमत धरली होती, गळलेल्या पेट्रोलची धरली नव्हती.

त्या डब्याला मी नुसता दोष देणार नाही, कारण तो आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. घासलेटचा डबा तो हाच. चार गॅलनचा, चौकोनी, असे दोन डबे एका लाकडी खोक्यात. खनिज तेलाचा व्यापार एकोणिसाव्या शतकात आशियात पसरला तो याच जोडीवर. अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइलचे डबे निळे असत. लंडनच्या मार्कस सॅम्युअल यांनी १८९२ मध्ये ‘मुरेक्स’ ही तेलवाहू बोट सुएझ कालव्यातून पूर्वेला धाडली. मोठ्या टाक्यांतून तेल आणायचं, म्हणजे डब्या-खोक्यांचा खर्च वाचेल आणि गिऱ्हाईक आपापलं भांडं घेऊन येईल, असा त्यांचा बेत होता. गिऱ्हाईक आलं नाही. लोकांना तेलाइतकाच डबाही हवा होता. त्या पत्र्याची कौलं होत, पिंजरे होत, भांडी होत. शेवटी सॅम्युअलना पूर्वेकडे पत्रा पाठवून तिथे डबे बनवावे लागले. त्यांनी ते लाल रंगवले. त्यांची ही कंपनी पुढे ‘शेल’ म्हणून जगभर गेली.

आमच्याकडच्या विहिरींवर, बांधकामांवर, हॉटेलांच्या मागच्या दारी हा डबा अजून आठवणारे लोक आहेत. वरचं तोंड कापायचं, आत लाकडाचा आडवा दांडा ठोकायचा, झाली बादली. कावडीला दोन्ही बाजूंनी असे दोन डबे लावून पाणी भरणारे गडी असत. घरात एका जागी बसून राहायला तो डबा नामी. त्याचं बिनसलं ते त्याला प्रवासाला काढलं तेव्हा.

मोटारीच्या प्रवासाचा मूळ पेच मोटारीइतकाच जुना आहे. गाडी जाईल तिथे तेल मिळेलच असं नाही, म्हणून तेल बरोबर न्या; आणि बरोबर नेलेलं तेल टाकीत जाईपर्यंत टिकलं पाहिजे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार त्याला न सांगता काढून दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला शंभरेक किलोमीटर गेल्या. वाटेत व्हिसलोख गावी एका औषधाच्या दुकानातून त्यांना इंधन विकत घ्यावं लागलं. १९०७ च्या पेकिंग ते पॅरिस शर्यतीत तेल उंटांच्या तांड्यांबरोबर आधीच पुढे धाडलेलं होतं. तरी ऑग्युस्त पोंस या फ्रेंच गड्याची तीनचाकी गोबीच्या वाळवंटात तेलाविना बंद पडली आणि ती तिथेच सोडून त्याला जीव वाचवावा लागला. पुढे पंप आले, गावोगावी आले, आणि डिकीतल्या डब्याची गरज लोक विसरले. वाळवंटातल्या लढाईने ती परत आठवून दिली.

आता पलीकडच्या बाजूला जाऊ.

१९३७ साली जर्मनीतल्या श्वेल्म गावच्या म्युलर कारखान्याचे मुख्य अभियंते व्हिन्त्सेंट्स ग्र्युनफोगेल यांनी जर्मन सैन्यासाठी २० लिटरचा एक डबा आखला. दिसायला तो साधाच. जवळ घेऊन बघितला की कळतं, हा माणूस पेट्रोल भरणाऱ्याच्या, उचलणाऱ्याच्या आणि ओतणाऱ्याच्या जागी आळीपाळीने उभा राहिलेला आहे.

पहिली गोष्ट मुठींची. डब्याच्या माथ्यावर एक सोडून तीन मुठी, शेजारी शेजारी. एकटा माणूस भरलेला डबा मधल्या मुठीला धरून उचलतो. दोघांनी मिळून न्यायचा तर दोन्ही कडांच्या मुठी दोघांच्या हातात. रिकामे डबे असले तर शेजारच्या डब्यांच्या लगतच्या मुठी एका पंजात येतात, म्हणजे एका हातात दोन आणि एक माणूस चार डबे घेऊन चालतो. माणसांची रांग करून डबे हातोहात पुढे सरकवायचे तर एकाने एक मूठ सोडायच्या आत पुढच्याने दुसरी धरलेली असते. आपल्याकडे विहिरीपासून हौदापर्यंत कळश्यांची रांग लागते तेव्हा कळशी नेमकी हात बदलतानाच निसटते. तिथे ही तिसरी मूठ हवी होती, असं मला नेहमी वाटतं.

दुसरी गोष्ट अंगाची. डबा दोन दाबलेल्या पत्र्यांच्या अर्ध्या-अर्ध्या टरफलांचा. दोन्ही टरफलं मधोमध जोडून सलग वितळजोड दिलेला, आणि तो जोडही थोडा आत घेतलेला, म्हणजे घासून झिजणार नाही. बाजूंवर फुलीच्या आकाराच्या खोल पन्हळी. त्याने पत्रा ताठ राहतो, आणि उन्हात पेट्रोल फुगलं की पत्र्यालाही जराशी मोकळीक मिळते. माथ्याशी हवेसाठी राखलेली जागा. तिच्यामुळे पेट्रोलने भरलेला डबा पाण्यात टाकला तरी तरंगतो. आतून लेप दिलेला, म्हणून पाणीही भरता येतं. पाण्याच्या डब्यांवर जर्मन पांढरी फुली रंगवत, म्हणजे रात्री घाईत कोणी पेट्रोल प्यायला नको आणि इंजिनाला पाणी पाजायला नको.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते, ती धारेची. कुठलंही भांडं उपडं केलं की आतलं पाणी बाहेर पडताना बाहेरची हवा आत शिरायला बघते. दोघांना वाट एकच. एसटीच्या दारात उतरणारे आणि चढणारे एकाच वेळी घुसले म्हणजे जे होतं तेच तिथे होतं. एक घोट बाहेर, एक घोट हवा आत, गुडगुड, भसकन उसळी, आणि निम्मं बाहेर सांडतं. म्हणून नरसाळं लागतं. नरसाळं लागतं म्हणून ते सांभाळावं लागतं. वाळवंटात ते उघड्यावर राहिलं की त्यात वाळू जाते, आणि वाळू गेली की कार्ब्युरेटर बोंबलतो. ग्र्युनफोगेल यांनी तोटीत हवेसाठी निराळी नळी दिली. ती थेट माथ्याजवळच्या हवेच्या जागेत उघडते. उतरणाऱ्यांचं दार वेगळं, चढणाऱ्यांचं वेगळं. धार सलग पडते, नरसाळं लागत नाही. झाकणही फिरकीचं नाही. खटक्याचं, एका हाताने उघडणारं, आणि डब्यालाच जोडलेलं. हरवण्याचा प्रश्न नाही, पाना शोधण्याचा प्रश्न नाही.

घाटात पेट्रोल संपलेल्या स्कूटरमध्ये वर्तमानपत्राच्या कागदाचं नरसाळं करून बाटलीतून पेट्रोल ओतलेल्या कोणालाही या नळीची किंमत सांगावी लागणार नाही. माझं निम्मं पेट्रोल तेव्हा अग्रलेखाने प्यायलं होतं.

युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनांकडे असे हजारो डबे साठवलेले होते. फौजेच्या गाड्यांना डब्यांबरोबर रबरी नळीचे तुकडेही दिलेले असत. वाटेत कुठलीही गाडी टाकून दिलेली दिसली की नळी घालायची, तोंडाने ओढायची, डबा भरायचा.

हे डबे इंग्रजांनी पहिल्यांदा पाहिले ते १९४० च्या नॉर्वेच्या मोहिमेत. मग वाळवंटात पाहिले आणि पाहताक्षणी ढापायला सुरुवात केली. जर्मनांना इंग्रज सैनिक ‘जेरी’ म्हणत, म्हणून तो ‘जेरीकॅन’. शत्रूच्या टोपणनावाने ओळखलं जाणारं दुसरं एवढं घरगुती भांडं मला तरी माहीत नाही. आज आपल्या दुष्काळी गावात टँकरपुढे प्लास्टिकचा कॅन घेऊन उभी असलेली बाई नकळत त्याच शब्दाचा अर्धा भाग उच्चारत असते.

याच डब्याची एक गोष्ट थेट हिंदुस्थानच्या वाटेवरची आहे. पॉल प्लाइस नावाचे अमेरिकन अभियंते बर्लिनमध्ये कारखाना सांभाळत. १९३९ च्या उन्हाळ्यात त्यांनी एका जर्मन सहकाऱ्याबरोबर मोटारीने हिंदुस्थान गाठायचं ठरवलं. गाडी तयार झाल्यावर लक्षात आलं की अडीअडचणीचं पाणी ठेवायला काही सोयच नाही. टेम्पेलहोफ विमानतळावर सैन्याचा गुप्त साठा आहे हे जर्मन गड्याला ठाऊक होतं. त्याने तिथून तीन डबे उचलले. अकरा सरहद्दी ओलांडून झाल्यावर त्या सहकाऱ्याला परत नेण्यासाठी जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याने विमान पाठवलं. जाताना तो डब्याची सगळी मापं प्लाइसना देऊन गेला. प्लाइस एकटेच पुढे कलकत्त्याला पोचले, गाडी तिथे ठेवली आणि मायदेशी परतले.

ही हकीकत रिचर्ड डॅनियल यांच्या १९८७ सालच्या लेखामुळे सर्वदूर झाली. डॅनियल स्वतः युद्धात अमेरिकी नौदलाचे अधिकारी होते आणि पेट्रोलच्या गळतीशी त्यांनी प्रत्यक्ष झुंज दिली होती. गोअरिंगच्या विमानाचा भाग मला जरा फोडणी दिलेला वाटतो. पण पुढचा भाग कोणत्याही सरकारी कचेरीत खपून जाईल असा आहे. प्लाइसनी अमेरिकन लष्कराला डब्याबद्दल सांगितलं. नमुना असल्याशिवाय कोणी ऐकेना. कलकत्त्याहून गाडी लांबच्या वळशाने न्यूयॉर्कला आली, एक डबा वॉशिंग्टनला गेला. तिथल्या साहेबांनी तो पाहिला आणि आपला पहिल्या महायुद्धातला पिंपवजा डबाच बरा असं ठरवलं. तो उघडायला पाना लागे आणि ओतायला नरसाळं. पुढे नमुन्यावरून डबा करायला घेतला तेव्हाही आकार आणि मुठी तेवढ्या उचलल्या; सलग वितळजोडाच्या जागी दुमडलेले सांधे आले, खटक्याच्या जागी फिरकीचं झाकण आलं, आतला लेप गेला. पाना आणि नरसाळं पुन्हा हजर! दुसरा डबा लंडनला गेला, आणि इंग्रजांनी मात्र तो जसाच्या तसा उतरवायचं ठरवलं. पण असा पत्रा दाबायला मोठी यंत्रं लागतात, ती युद्धात रिकामी नसतात. माल हाती यायला १९४२ उजाडून गेलं.

तोवर वाळवंटात इंग्रज त्या पातळ डब्यांवरच दिवस काढत होते. त्यांचे उपयोगही त्यांनी नाना शोधले. डबा अर्धा कापायचा, बाजूंना भोकं पाडायची, आत वाळू भरायची, वाळूत पेट्रोल ओतून काडी लावायची. झाला चहाचा स्टोव्ह, नाव ‘बेनगाझी बर्नर’. दुसऱ्या अर्ध्यात चहा. वाळू भरलेले डबे रचून भिंती उभ्या राहिल्या. पेट्रोल सोडून त्या डब्यात काहीही नीट राहत होतं म्हणा ना.

लांब पल्ल्याच्या टोळ्यांना ही गळती सर्वांत जास्त झोंबली. राल्फ बॅगनोल्ड यांनी १९४० च्या उन्हाळ्यात ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभा केला. त्याआधी काही वर्षं, मध्ये वायव्य सरहद्दीवर नोकरी करत, ते सुट्टीत फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात भटकत असत. वाळू वाऱ्याने कशी वाहते यावरचा त्यांचा ग्रंथ १९४१ मध्ये आला. त्यांच्या पथकातल्या ट्रकांना हजार-दीड हजार किलोमीटरचं पेट्रोल अंगावर घेऊनच निघावं लागे. या पथकाला जोडून पुढे एक हिंदी तुकडीही आली, हिंदी घोडदळाच्या रिसाल्यांतून निवडलेली. जाट, शीख, राजपूत, पंजाबी मुसलमान स्वारांची. तिथे गळलेल्या डब्याचा अर्थ फार सरळ होता. जेवढं गळलं तेवढा परतीचा रस्ता आखूड झाला.

उलट बाजूला हंगेरियन लास्लो आल्माशी. ‘द इंग्लिश पेशंट’ सिनेमातला नायक ज्यांच्यावरून बेतला, ते हेच. खरे आल्माशी जर्मनांच्या बाजूने होते. १९४२ च्या मे महिन्यात ते दोन जर्मन हेरांना जालो मरूद्यानापासून गिल्फ कबीर पठारामार्गे नाईलकाठच्या अस्यूतपर्यंत पोचवून आले. रीत साधी. जाताना ठराविक अंतरावर भरलेले डबे वाळूत लपवत जायचं, येताना काढून घ्यायचे. तरी हिशेब काठावर आला. गिल्फ कबीरजवळ त्यांना सुदानी फौजेचे ट्रक उभे सापडले, राखणीला कोणी नाही. नळी घालून त्यांच्या टाक्या रिकाम्या केल्या, स्वतःचे डबे भरले, आणि जाताना त्या ट्रकांच्या यंत्रांत वाळू सोडली. याच सफरीत त्यांना युद्धाआधीच्या आपल्या मोहिमेतले, डाक देऊन बंद केलेले पाण्याचे डबे एका गुहेत मिळाले. नऊ वर्षांनी उघडले तर पाणी पिण्याजोगं. पातळ पत्र्याचा डबा एका जागी बसून असला की असा टिकतो.

इथे मराठी वाचकाने जरा थांबावं अशी जागा येते. १९४२ च्या जून महिन्यात तोब्रुक बंदर इंग्रजांच्या ताब्यात होतं. भूमध्य समुद्राच्या काठचं ते ठाणं म्हणजे एक कोठार होतं. अन्न, दारूगोळा, गाड्या आणि पेट्रोल. भोवती अर्धवर्तुळात काटेरी तार, सुरुंग आणि रणगाडे अडवणारा खंदक. त्या खंदकात बऱ्याच ठिकाणी वाळू भरून आली होती. आग्नेय कोपरा अकराव्या हिंदी ब्रिगेडकडे होता. तिच्यात स्कॉटलंडच्या कॅमेरन हायलँडर्सची एक पलटण, गुरख्यांची एक, आणि पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण. बेळगावच्या केंद्रात तयार झालेली, कोकणातली आणि घाटावरची पोरं.

२० जूनला पहाटे जर्मन बाँबफेकी विमानांनी सगळा मारा त्या कोपऱ्यावर केला आणि धुरळा बसायच्या आत जर्मन सेनापती रोमेलच्या दोन रणगाडा डिव्हिजन आत घुसल्या. आधी त्या आदळल्या त्या मराठ्यांच्याच आघाडीवर. सकाळ सरेपर्यंत खिंडार रुंद झालं, संध्याकाळी जर्मन बंदरात होते. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला, ठाण्याचे सेनापती जनरल क्लॉपर यांनी शरणागती दिली. ३०,००० वर सैनिक कैद झाले. मराठ्यांच्या पलटणीतले जे वाचले ते जवळपास सगळे त्यात गेले आणि समुद्रापार इटलीच्या छावण्यांत पोचले. चर्चिल त्या दिवशी वॉशिंग्टनला रूझवेल्टच्या कचेरीत होते. बातमी त्यांना तिथेच कळली.

शरण जाण्याआधी इंग्रजांनी होईल तेवढं जाळलं. धुराचे लोट बंदरावर उठले. तरीही रोमेलच्या हाती सुमारे २,००० गाड्या, ५,००० टन अन्नसामग्री आणि १,४०० टन पेट्रोल लागलं. आजवर त्याचं घोडं नेहमी पेट्रोलावर अडत आलेलं. आधीच्या नोव्हेंबरमध्ये ‘क्रूसेडर’च्या लढाईत तो इजिप्तच्या सरहद्दीकडे सुसाट गेला तेव्हा इंग्रजांचे दोन प्रचंड साठे त्याच्या वाटेशेजारीच होते, आणि त्याला ते दिसलेच नाहीत. या वेळी साठा आयता हातात आला. त्या पेट्रोलावर, बऱ्याच अंशी इंग्रजांच्याच ट्रकांतून, त्याचं सैन्य दहा दिवसांत ५०० किलोमीटरहून जास्त अंतर तोडून अल अलामीनला जाऊन थडकलं.

आणि तिथे थांबलं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपली म्हण आहे. वाळवंटातली दोन वर्षं मला या म्हणीत मावतात. जगातला सर्वांत चांगला डबा जर्मनांकडे होता आणि त्यात घालायला पेट्रोल नव्हतं. इंग्रजांकडे पेट्रोल होतं, डबा नव्हता. अलामीनपासून रोमेलचं मोठं बंदर त्रिपोली २,००० किलोमीटरच्या वर दूर. तिथून पेट्रोल आणणारे ट्रकच वाटेत त्यातलं पुष्कळ पिऊन टाकत. जवळच्या बंदरांत उतरवावं तर मॉल्टाहून आणि इजिप्तहून उडणारी इंग्रज विमानं तेलवाहू बोटी टिपत. ऑगस्टअखेर आलम हल्फाच्या चढाईच्या तोंडावर ‘सान आंद्रेआस’ ही बोट बुडाली. चार-पाच दिवसांत रोमेलला माघार घ्यावी लागली. ऑक्टोबरमध्ये अलामीनची मोठी लढाई ऐन भरात असताना २६ तारखेला तोब्रुकच्या तोंडाशी ‘प्रोसेर्पिना’ बुडाली. डब्याच्या तीन मुठी, हवेची नळी, सलग जोड, सगळं जिथल्या तिथे होतं. धार मात्र नव्हती.

इंग्रजांचे अस्सल नकलेचे डबे १९४३ च्या सुरुवातीला लाखोंनी आफ्रिकेत उतरू लागले, तोवर तिथली लढाई शेवटाला आली होती. खरा उपयोग झाला तो युरोपात. १९४४ च्या जूनमध्ये दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरल्या, जुलैअखेर कोंडी फुटली, आणि रणगाडे इतक्या वेगाने पुढे गेले की नळ आणि रेल्वे मागे राहिल्या. मग ट्रक. ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ नावाने २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ अशी एक अखंड ट्रकवाहतूक चालली. भरात असताना सहा हजारांच्या आसपास ट्रक, दिवसाला १२,५०० टन माल. चालकांतले तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकन. रणांगणावर लढण्याच्या तुकड्यांत त्यांना सहसा घेत नसत, पण ती लढाई त्यांच्याच स्टिअरिंगवर चालली होती. पेट्रोल जायचं ते बहुतेक जेरीकॅनमधून. रूझवेल्ट यांनी त्या वर्षाअखेर म्हटलं की हे डबे नसते तर फ्रान्स असा वीजगतीने पार करणं जमलंच नसतं.

तरीही ऑगस्टअखेर अमेरिकन सेनापती पॅटनचे रणगाडे पेट्रोलाविना उभे राहिले, आणि शरद ऋतूत एक वेगळंच संकट आलं. पेट्रोल होतं, ट्रक होते, रिकामे डबे परत येईनात. सैनिक टाकी भरून डबा रस्त्याकडेला भिरकावून पुढे जात. खंदकांत, शेतांत, ओढ्यांत लक्षावधी डबे पडलेले. फ्रेंच नागरिकांना, शाळकरी मुलांनासुद्धा ते गोळा करून द्यायचं आवाहन करावं लागलं. युद्ध संपलं तेव्हा दोन कोटींच्या वर डबे युरोपभर विखुरलेले होते. इतक्या वर्षांनी हाती आलेला चांगला डबाही शेवटी फ्लिम्झीसारखाच वापरला गेला, हे वाचताना मला हसू आलं आणि थोडी चीडही.

फ्लिम्झी मात्र अजून शाबूत आहेत. गिल्फ कबीरच्या दक्षिणेला तेव्हाची एक विमानांची धावपट्टी आहे, ‘एट बेल्स’ नावाची. वाळवंटात धावपट्टीच्या खुणा कशाने करायच्या? वाळू भरलेल्या चार गॅलनी डब्यांनी. पट्टीच्या कडेने डब्यांच्या रांगा मांडल्या, दिशा दाखवायला डब्यांचाच बाण केला आणि विमानातून वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरांत डब्यांनीच नाव लिहिलं. पाऊस तिथे वर्षानुवर्षं पडत नाही. त्या बाजूला गेलेल्या प्रवाशांनी ते डबे पाहिले आहेत. पत्रा तांबूस झाला आहे, काहींवर ‘शेल’ची अक्षरं वाचता येतात.